मन्सूरभाईंचा करंज

आमच्या वारज्याच्या टेकडीवर सकाळी येणाऱ्यांत अर्धे तब्येतीसाठी येतात आणि उरलेले दुसऱ्यांना तब्येत शिकवायला. मन्सूरभाई येतात ते करंजासाठी.

शनिवार पेठेत त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. आता तिथे मुलगा फैझल बसतो. मग माणसाने घरी पंख्याखाली पेपर वाचत पडावं की नाही? छे! हे सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पाण्याचे कॅन जुन्या ट्यूबने आवळणार आणि मुरमाच्या पायवाटेने डुगडुगत निघणार. सगळा पिवळा माळ, मध्येच कुठे एखादं झाड. चढाच्या वळणावर तर सावलीचं नाव नाही. तिथे त्यांनी करंज लावलाय.

"तुमच्या वहिनींचे गुडघे दुखतात. इथवर आली की टेकायला सावली हवी," असं लाजत लाजत एकदाच म्हणाले होते.

यंदा करंजाचा तिसरा उन्हाळा. हा निघाला की झाड आपलं आपण जगतं. नेमका रमजानही उन्हाच्या तोंडावर आला. रोजा धरलेला माणूस, घशाला कोरड आणि मागे एवढं पाणी! मला बघवेना.

"अहो, घोटभर प्या. इथे कोण बघतंय?"

"तुम्ही बघताय ना, दत्तप्रसाद. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वारज्याला सांगाल."

परवा चढावर चाक मुरमावरून घसरलं. मन्सूरभाई, सायकल, कॅन, सगळं आडवं. मी धावलो. गुडघा टम्म सुजलेला आणि हे म्हणतात, "पाणी सांडलं हो!" असा राग आला मला!

डॉक्टरांनी चालणंसुद्धा बंद केलं. संध्याकाळी खजूर घेऊन गेलो, तर हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. "करंज जाणार आता," म्हणाले. त्यांचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"का? मी काय मेलोय?" मी ओरडलो.

झालं. दुसऱ्या दिवशी त्यांची सायकल माझ्या हातात. निम्मा चढ ढकलतच नेली. भरलेली सायकल जिकडे उतार तिकडे ओढते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःची बाटली अर्थातच घरी राहिलेली. वळणाशी जीभ टाळ्याला चिकटली. हात कॅनच्या झाकणाकडे गेला, पण उघडवेना. तिकडे तो माणूस संध्याकाळपर्यंत तसाच राहणार, आणि मी त्याच्याच कॅनमधलं पिऊ? सगळं पाणी करंजाच्या बुंध्याशी ओतलं आणि तडक त्यांच्या घरी गेलो.

"घातलं?" मन्सूरभाई उठून बसले.

"घातलं. सगळं." माझा आवाज धड फुटेना.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "घोटभरही प्यायला नाहीत?"

"तुमचा रोजा आहे ना..."

त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, रोजा माझा! तुम्हाला कुणी अडवलं होतं? कमर, आधी यांना पाणी दे!"

कमरजहांवहिनींनी तांब्या पुढे केला. त्यांच्यासमोर प्यायला मला कसंतरीच झालं. मी तांब्या तसाच धरून बसलो.

"प्या हो," मन्सूरभाई म्हणाले, "उद्या परत जायचंय तुम्हाला."