शिवकन्याबाईंच्या पाटीवरचा ‘मुक्त’

माजलगावात बसस्टँडवरून मोंढ्याकडे निघालं की डाव्या हाताला शिवकन्याबाईंची टायपिंग इन्स्टिट्यूट लागायची. तिथून शिकून गेलेली माणसं तहसीलमध्ये, कोर्टात, साखर कारखान्याच्या ऑफिसात बसली होती. बाईंचा नियम एकच. दुसऱ्याने टाइप केलेला कागद आपला म्हणून दाखवायचा नाही. दाखवला, तर त्या आठवड्यात मशीनला हात लावायचा नाही.

दोन हजार दोन साल उजाडेपर्यंत टायपिंगला कुणी येईनासं झालं. ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता. बाईंनी औरंगाबादच्या एका ऑफिसातून काढून टाकलेले चार कॉम्प्युटर आणले आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या इसाकभाईला बघायला बोलावलं.

“मशीनी ठीक हायेत बाई, पण आतली सिस्टीम चोरीची हाय,” तो म्हणाला. “खरी घ्यायची तर ह्या चारी मशीनी विकाव्या लागतील. कावून डोकं लावता? सगळेच चोरीची वापरतेत.”

“आपल्याकडं न्हाई चालायची.”

इसाकभाईने मशीनची झाकणं परत लावली. बाईंना तो वीस वर्षं ओळखत होता. पंधरा दिवसांनी पुण्याला गेला तो येताना तीन सीड्या आणि एक पत्रक घेऊन आला. पुण्यात काही इंजिनिअर मंडळींनी गट केला होता. नोकरी सांभाळून रविवारी बसायचे, लिनक्स नावाच्या प्रणालीच्या सीड्या काढायचे आणि मागेल त्याला द्यायचे. पत्रकावर लिहिलं होतं, ‘मुक्त प्रणाली. वापरा, उघडून पाहा, दुरुस्त करा, दुसऱ्याला द्या.’ बाईंनी ते दोनदा वाचलं. मग तीन आठवडे त्या आणि इसाकभाई पुस्तक मांडीवर घेऊन बसले, तेव्हा कुठे चारही मशीन सुरू झाल्या.

पेंटर मुंजाजीकडून पाटी करून घेतली: ‘येथे मुक्त संगणक प्रणाली शिकवली जाईल.’ मुंजाजीला ‘मुक्त’ हा शब्द आवडला असावा. तो त्याने लाल रंगात आणि बाकीच्या दुप्पट काढला. जागेच्या मालकाला पंधरा जुलैपर्यंत सांगायचं होतं, खोली ठेवायची की सोडायची. पाच जण आले तर ठेवायची, नाही तर मशीन विकून घरी बसायचं, असं बाईंनी ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी बंकटराव आला. मोंढ्यात आडत दुकानावर काट्याजवळ उभा राहणारा, पस्तिशीचा माणूस.

“बाई, बी.ए.चा फॉर्म हितंच भेटतो ना?”

“कसला फॉर्म?”

“मुक्तचा. पाटी वाचून आलो.”

बाईंना क्षणभर काही कळेना, आणि कळलं तेव्हा हसू आवरेना. या भागात मुक्त म्हणजे मुक्त विद्यापीठ, दुसरं काय? दोन आठवड्यांत असे अकरा जण येऊन गेले. कॉम्प्युटर शिकायला एकही नाही. जे विचारत, ते ‘पैसे न पडणारी प्रणाली’ ऐकून उठत. एकजण तर तोंडावर म्हणाला, “फुकटात दम असता, तर लोकांनी फुकट दिलं असतं का?”

“मुक्त पुसून मुफ्त लिहा,” इसाकभाई म्हणाला. “आमचा मोहल्ला तरी येईल.”

“असल्या थट्टेनंच दुकान बंद पडंल तुमचं.”

“माझं न्हाई, तुमचं चाललंय बंद पडायला.”

ते खरंच होतं. जुलै लागला होता. बाईंनी एक केलं. फॉर्म मागायला आलेल्यांना परत पाठवणं सोडलं. बीडच्या केंद्रावरून फॉर्मांचा गठ्ठा मागवला आणि ज्याला हवा त्याला समोर बसवून भरून द्यायला लागल्या. बंकटराव पुन्हा आला. बसस्टँडजवळ फळांचा गाडा लावणारी रहिमाबी आली. नववीत शाळा सुटलेली.

“माझे मार्क न्हाई विचारणार ते?” रहिमाबीने विचारलं.

“न्हाई विचारत. ज्याला शिकायचंय त्यानं यावं, एवढंच.”

“आणि पाटीवरचं?”

“ते पण तसंच. कुणीबी घ्यावं, आत काय हाय ते बघावं, शिकावं, पुढं द्यावं. अडवणारं कुणी न्हाई.”

बंकटराव फॉर्मवरची शाई वाळवत बसला होता. तो म्हणाला, “म्हंजी ते आमच्यासारख्यांसाठीच हाय म्हणा की.”

बाईंना महिनाभर जे सांगता आलं नव्हतं, ते हा माणूस बसल्या जागी बोलून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो क्लासला बसला. रहिमाबी बसली, फॉर्म भरलेले आणखी दोघे बसले. बंकटरावाने मोंढ्यातून तिघांना ओढून आणलं. पंधरा जुलैला सात जण होते, आणि बाईंनी मालकाला खोली ठेवत असल्याचं सांगितलं.

दिवाळीच्या आधी बंकटरावानेच विषय काढला. “बाई, त्या पुण्याच्या लोकांचं कसं भागतं? आमी गावात सप्ताहाला पट्टी देतो. इथं नुसतं खाऊन उठायलो.”

मग ज्याला जमलं तसं प्रत्येकाने दिलं. रहिमाबीने पैशांसोबत डझनभर मोसंबी आणली. ती मनिऑर्डरने जात नाहीत म्हणून वर्गातच खाल्ली. मनिऑर्डरच्या कुपनावर बाईंनी लिहिलं, ‘आपल्यामुळे आमचा क्लास चालू आहे. सात विद्यार्थ्यांचा नमस्कार.’

महिन्याने उत्तर आलं. तालुक्याच्या गावातून त्यांना आलेली ही पहिलीच वर्गणी होती. तिच्यातून कोऱ्या सीड्या घेतल्या, त्या दोन शाळांना पाठवल्या. खाली एक विनंती होती. प्रणालीचं मराठी करायचं काम चालू आहे. नुकतं केलेलं रद्द करून आधी होतं तसं आणायचं जे बटण असतं, त्याला तुमचे विद्यार्थी काय म्हणतील?

“माघारी,” बंकटराव लगेच म्हणाला.

“माघारी काय? वापस,” रहिमाबी म्हणाली. “गाड्यावर गिऱ्हाइक फळ वापस करतं, माघारी करत न्हाई.”

“गिऱ्हाइक फळ वापस करतं म्हंजी तुझी फळंच तसली.”

“तुझ्या काट्यापेक्षा बरी.”

अर्धा तास भांडण चाललं. इसाकभाई दारात उभा राहून कधी या बाजूने, कधी त्या बाजूने बोलत राहिला. बाईंनी कुणालाच थांबवलं नाही. पुण्याला कार्ड लिहायला घेतलं, तेव्हा दोन्ही शब्द लिहिले, कोणता कुणाचा तेही नावांसकट लिहिलं, आणि खाली लिहिलं, ‘आम्हाला विचारलंत, याचा फार आनंद झाला.’