पूजा केलेला कॉम्प्युटर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कुंडलमधल्या माझ्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानातला कॉम्प्युटर सुरूच होईना. बटण दाबलं की नुसता बीप-बीप ओरडायचा, पडदा काळाच. समोर एकच गिऱ्हाईक होतं, पांढऱ्या मिशांचा एक माजी सैनिक. लेकीचा पोलीस भरतीचा अर्ज भरायचा होता आणि आजच शेवटची तारीख होती.

"काका, हे काही खरं नाही. दुसरीकडं बघा," मी म्हणालो.

"मला ह्यातलं काय कळत न्हाई. पन वरडतंय म्हंजी जित्तं हाय गड्या. उघड त्याला."

मोबाईलची बॅटरी धरून तो शेजारी उभा राहिला. मी एकेक वायर काढायची, पुसून बसवायची, बटण दाबायचं. पुन्हा बीप. मी हताश होऊन वर बघितलं की तो एवढंच म्हणायचा, "फुडं."

शेवटी रॅमची पट्टी उपसली, तर तिची खाच लालभडक! मशीन तापतं म्हणून डब्याचं झाकण मी काढून ठेवलेलं, आणि खंडेनवमीला त्यावर मीच हळदकुंकू उधळलेलं. ब्रशनं खाच झाडली, पट्टी खोडरबरानं घासून बसवली. पडदा उजळला.

अर्जात वडिलांच्या रकान्यात त्याचं नाव मीच टाइप केलं असणार, पण आठवतं ते फक्त "फुडं".

अर्ज गेल्यावर तो उठला आणि उंबऱ्यावरनं वळून म्हणाला, "खंडेनवमीला बंदूक आमी बी पुजायचो रं. पन नळीत कुकू न्हाई घातलं कवा."