मेंढरं कोंडवाड्यात

कोंडवाडा हा शब्द मेंढरं पाळणाऱ्याला ऐकवत नाही. मी लहान असताना वडिलांची मेंढरं कुणाच्या तरी उभ्या पिकात शिरली आणि गावच्या कोंडवाड्यात गेली. वडील दिवसभर त्या दगडी भिंतीला हात लावून उभे होते. आत मेंढरं पाण्यासाठी ओरडत होती. दंड भरून सोडवली तेव्हा काही उठलीच नाहीत. सरकारच्या कुंपणात गेलेलं जनावर आपलं राहत नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

म्हणून कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सांगलीच्या महापालिकेची बाई म्हणाली, "तुमची मेंढरं आमी कोंडवाड्यात ठेवतो," तेव्हा मी हातातली काठी घट्ट धरली.

आम्ही जतकडचे. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, पलूस, तासगाव करत मोकळ्या रानात मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडाला माघारी फिरायचं. मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंडीचं खत पडतं. त्याबद्दल रानाचा मालक शाळू देतो. त्याच जोंधळ्यावर आमचं पोट चालतं. त्या उन्हाळ्यात मात्र कुठल्याच गावानं आम्हाला शिवेच्या आत घेतलं नाही. वर्षानुवर्षांचे रानमालक लांबूनच हात हलवायचे, "मावशी, यंदा नको." त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. मीही घेतलं नसतं. सरकत सरकत आम्ही सांगली शहरात, कुपवाडच्या अंगाला, मोकळ्या प्लॉटांवर येऊन थांबलो. मी, माझा म्हातारा, मेंढरं आणि कुत्रं. मुलगा घरी जतला तापानं पडला होता, त्यामुळं तिकडून कुणी येणार नव्हतं.

तिथं म्हातारा खोकायला लागला. मेंढरांमागं थोडं चाललं की खाली बसायचा आणि म्हणायचा, "ऊन लागलंय." उन्हात जन्म गेलेल्या माणसाला ऊन लागलं.

महापालिकेच्या पोरी घरोघर फिरून तपासत होत्या. आम्हाला घर नव्हतं, नुसतं पाल होतं. मला वाटलं, उठवायला आल्या. एकीनं म्हाताऱ्याच्या बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावलं. मास्कच्या वर तिचा जेवढा चेहरा दिसत होता तेवढा उतरला. ती बाजूला जाऊन फोनवर बोलली. मग दोघांच्याही नाकात काडी घालून बघितलं. दोघांनाही कोरोना निघाला.

आता म्हणतील, जतचे आहात तर जतला जा. मी तशी वाट बघत बसले. थोड्या वेळानं वॉर्डाची अधिकारी बाई स्कूटरवरून आली. जत-बित काही बोलली नाही.

"आज्जी, काकांना ऑक्सिजन लावायला पायजे. गाडी येतीय. तुमी पण चला."

"आणि मेंढरं कोण बघणार? तुझा बा?"

"माझा बा पलूसला हाय. बोलवू का?" ती म्हणाली. हसली नाही. मग तिनं ते कोंडवाड्याचं काढलं.

म्हातारा पालातूनच बोलला, "तसं असंल तर मी हितंच मरतो. मागनं दंड मागशीला."

"दंड दुसऱ्याच्या रानात शिरलेल्या जनावराला असतोय, काका. तुमची शिरल्यात का कुठं?"

"आमची कवाच कुठं शिरत न्हाईत."

"मग झालं तर."

म्हाताऱ्याला अजून भांडायचं होतं, पण दम पुरला नाही. त्याचे ओठ जांभळे दिसत होते. मेंढरं गेली तर आमच्या वयात कळप परत उभा राहत नाही. तो गेला तर मी कळप घेऊन काय करणार? मी काठी खाली ठेवली.

"न्या. पण उघड्या सिमेंटवर ठेवू नका, खुरं जातात. आणि कुत्र्याला मेंढरांपासनं तोडू नका."

तिच्याबरोबर आलेला कोंडवाड्याचा माणूस मागंच उभा होता. पोट सुटलेला, मोकाट गाई धरणारा. त्यानं कुत्र्याकडं बघून विचारलं, "चावतंय व्हय?"

"वळखीच्याला चावत न्हाई."

"वळख व्हायला किती दिस लागतील?"

"ते तुझ्या वागण्यावर हाय."

आम्हाला नेलं ते एक मंगल कार्यालय होतं. जिथं नवरानवरी बसायची तिथं ऑक्सिजनच्या टाक्या उभ्या होत्या. ओळीनं खाटा, प्रत्येक खाटेवर धुतलेली चादर. म्हाताऱ्याच्या तोंडाला मास्क लावला. मला नुसता ताप होता, मी त्याच्या शेजारच्या खाटेवर. रोज अंडं, वरणभात, सांजेला काढा. वरणाला तिखट नव्हतं, पण वेळेवर यायचं. बाहेर रुग्णवाहिकेचा आवाज थांबत नव्हता. आतून माणसं घरी जायची तशी झाकूनही जायची. हे सगळं बघत मी पडून राहायचे आणि मनात एकच, मेंढरं विकली असतील.

मग एका सकाळी नर्स फोन घेऊन आली. फोनमध्ये कोंडवाड्याचा माणूस दिसत होता. त्याच्या मागं माझी मेंढरं. खाली उसाचं पाचट पसरलेलं, पुढ्यात महापालिकेच्या बागेतनं छाटून आणलेल्या फांद्या आणि भाजी बाजारात उरलेला कोबीचा पाला. कुत्रं त्याच्या पायाशी बसलेलं. मेंढरं फोनमधून ओरडली तशी सगळ्या हॉलनं माना वर केल्या.

म्हाताऱ्यानं मास्क बाजूला केला. "काळ्या कानाची लंगडतीय."

"कुठली, ही?" त्या माणसानं मेंढी धरून खूर वर करून दाखवला. खुरात काटा होता. आमच्या देखतच त्यानं तो काढला. नर्सनं मास्क परत लावला आणि म्हाताऱ्याला झापलं.

पुढं रोज सकाळी मेंढरं यायची. पलीकडच्या खाटेवर एक पेन्शनर साहेब होते, आधी कुणाशी बोलत नव्हते. तेसुद्धा विचारायला लागले, "आज उशीर झाला का मेंढरांना?"

मी चटकन नवल करणारी बाई नाही. दुष्काळ, छावण्या, टँकर सगळं बघितलंय. पण इतकी माणसं मरत असताना, प्रेतं उचलायला हात पुरत नसताना, एवढ्या मोठ्या शहराला माझी मेंढरं ध्यानात राहिली. ज्यांचा त्या शहरात घरनंबर नाही, मत नाही, त्यांची. हे मला आजही पुरतं उमगलेलं नाही.

म्हातारा उठला. भिंतीला धरून का होईना, चालायला लागला. सोडायच्या दिवशी महापालिकेच्याच गाडीनं आम्हाला कोंडवाड्यावर नेलं. मी चौथी शिकलेली, दारावरची पाटी मला वाचता आली. कोंडवाडा असंच लिहिलं होतं. म्हाताऱ्याला न सांगता गळ्यातली सोन्याची पुतळी काढून मी पदराच्या टोकाला बांधली होती. दंड मागितलाच तर असावी.

दार उघडलं. कुत्रं आधी त्या माणसाकडं गेलं, मग आमच्याकडं आलं. मी बोलायच्या आधी तोच बोलला, "आज्जी, पांढरी म्हातारी मेंढी गेली. लय केलं तिचं, पण न्हाई वाचली." ती तशीही पावसाळा काढणार नव्हती. बदल्यात कोकरं झाली होती, पाचटात उड्या मारत होती.

तेवढ्यात ती अधिकारी बाई आली. तिच्यामागं एका माणसाच्या डोक्यावर पोतं. मी पदराची गाठ मुठीत धरली.

"आज्जी, लेंडी आमी बागेला घातली," ती म्हणाली. "आमच्या पलूसला रानात मेंढरं बसवली की शाळू देत्यात. तुमची आमच्याकडं बसली. हे तुमचं."

म्हाताऱ्यानं पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर शाळू काढला, एक दाणा दाताखाली धरला. दर वर्षी प्रत्येक रानमालकापुढं तो हेच करतो.

"दाणा जरा बारीक हाय," तो म्हणाला.

"काका, रानमालक यंदा नवा हाय. सांभाळून घ्या."

"पुढच्या साली बघू," म्हातारा म्हणाला आणि मेंढरांना हाळी दिली. आवाज फुटका आला, पण मेंढरांनी ओळखला. ती दारातून बाहेर पडायला लागली तशी मी गाठ सोडली आणि पुतळी परत गळ्यात घातली.