नऊ किलो दाब

ऑनोफ्रेचा उजवा डोळा पाण्याने फोडला. ओढ्याकाठच्या सर्वांत खालच्या मळ्यात नळावरच्या गाळणीचं झाकण उडालं आणि बिडाचा तुकडा त्याच्या भुवईखाली घुसला. मी दोन हात अंतरावर उभा होतो. त्याने आधी झडप बंद केली, मग चेहरा झाकला.

बेनिअलाफ गावच्या पाणीसंस्थेचा तो पंपवाला. बावीस वर्षं त्याच्या हाताखालून पाणी वर चढलं, आणि बावीस वर्षं आम्ही खालचे मळेवाले फुटलेले नळ खणत राहिलो. एका उन्हाळ्यात अकरा वेळा फुटले. पाणी जमिनीतून उसळायचं, द्राक्षवेलींच्या मुळ्या उपटून फेकायचं. माझी कुत्री त्यातल्याच एका खड्ड्यात मेली, पोटात दगड शिरून.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या वेलींना तीन-चार किलो दाब पुष्कळ होता. पंपघरातल्या दाबमापकाचा काटा मात्र नवावर असायचा, कारण टेकडीच्या माथ्यावर ब्लायचा मळा होता. ब्लाय हा ऑनोफ्रेचा थोरला भाऊ. बापाने वाटणी केली तेव्हा गाळाची जमीन धाकट्याला दिली आणि वरचे दगड थोरल्याला. त्या रात्री ब्लायने छाटणीच्या कात्रीने ऑनोफ्रेच्या कानाची पाळी कापली. ऑनोफ्रेने कुणाकडे तक्रार केली नाही. पुढे पंप आला, त्याची किल्ली ऑनोफ्रेकडे आली, आणि त्याने काटा नवावर नेऊन ठेवला. पाळी तुटलेल्या कानाने तो दिवसभर पंपाची घरघर ऐकत बसायचा.

मग वीज इतकी महागली की संस्थेने व्हॅलेन्सियाहून मिरेइया नावाची इंजिनियर बोलावली. तिने महिनाभर ठिकठिकाणी दाबमापक टांगले. किती वीज आत जाते, किती पाणी वेलीपर्यंत पोचतं, कुठल्या दाबाने पोचतं, सगळं लिहून घेतलं. एकदा दहाच्या न्याहारीला आम्ही पंपघराच्या भिंतीशी पाव आणि भाजलेलं सॉसेज खात होतो, तेव्हा तिने आकडा सांगितला.

"शंभरातले अडतीस कामाला लागतात, सेन्योर ऑनोफ्रे."

"आणि बाकीचे बासष्ट?"

"काही पंपातच तापून जातात. काही गळतीतून. आणि उरलेला सगळा नको तिथला दाब. तो नळ फोडतो."

"माझा डोळा कुठल्या खात्यात धरलास, पोरी?"

तिने पाव खाली ठेवला. ऑनोफ्रे एकटाच हसला.

थोड्या वेळाने तिने नकाशा पसरला आणि नळाचं सगळ्यात उंचावरचं तोंड कुठलं ते विचारलं. सगळ्या जाळ्याचा दाब त्या एका जागेवरून ठरतो, म्हणाली. नकाशा जुना होता आणि चुकीचा होता. त्यात ब्लायचा मळा खऱ्या उंचीपेक्षा तीस मीटर खाली दाखवला होता. ऑनोफ्रेने नुसती मान डोलावली असती तरी तिचा हिशेब भलत्या जागेवर उभा राहिला असता, वर पाणी पोचलं नसतं आणि काटा परत नवावर गेला असता. मी त्याच्याकडे पाहत होतो. त्याने तोंडातला घास बराच वेळ चावला.

"चल," तो म्हणाला. "दाखवतो."

ब्लाय बदामाच्या झाडाखाली बसला होता. त्याच्या वेलींवर कागदी पिशव्या घालून झाल्या होत्या. प्रत्येक घड पिशवीत होता.

"एका डोळ्याने वरचं बरं दिसायला लागलं तुला," तो भावाला म्हणाला.

मिरेइयाने त्याला नीट समजावलं. खालचा दाब पाच करायचा. इथे एक छोटा पंप बसवायचा, फक्त याच मळ्यापुरता. पाणी आत्ताइतकंच मिळेल, थेंबही कमी नाही.

"बापाच्या जमिनीला कुबडी?"

"कुबडी नाही, ब्लायकाका. इथे जेवढा लागतो तेवढाच जोर."

"मग खालच्यांना सांग, एकेक नळ वाकून तोंडाने ओढा. मला पाणी चढून येतं. तसंच येईल."

संस्थेच्या सभेत एकट्या ब्लायचा हात विरोधात होता. छोटा पंप खोक्यातून वर पोचवला, तो त्याने उतारावरून ढकलून दिला. दगडांवर आपटत तो माझ्या बांधापर्यंत आला.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी ऑनोफ्रेने काटा पाचावर आणला. आठवडाभर एकही नळ फुटला नाही. वर मात्र पाणी पोचेना. नवव्या दिवशी ब्लाय कुदळ घेऊन उतरला. मी पंपघरात होतो, गाळणी धूत.

त्याने पहिला घाव दाबमापकावर घातला. काच माझ्या मानेत घुसली. ऑनोफ्रे मध्ये आला तेव्हा कुदळीचा दांडा त्याच्या बरगड्यांत बसला आणि तो गुडघ्यांवर आला.

"माझी पानं वळायला लागलीत," ब्लाय म्हणाला. ओरडला नाही. "खालच्यांनीही बघू दे कसं वाटतं."

सगळ्या मळ्यांचं पाणी घेऊन वर जाणाऱ्या मुख्य नळावर तरफेची झडप होती. ऑनोफ्रे ती बंद करायला पाच मिनिटं घ्यायचा, बोट-बोट सरकवत. ब्लायने ती एका झटक्यात आडवी केली आणि झडपेच्या पुढच्या तोंडाला पाठ लावून उभा राहिला, कुणी पुन्हा उघडू नये म्हणून. त्या तोंडावर बिडाचं झाकण होतं, परातीएवढं, सहा बोल्टांवर.

नळातला पाण्याचा आवाज थांबला. पाणी आपल्याच वेगात टेकडीवर पुढे निघून गेलं होतं, मागे नळात पोकळी सोडून. आता ते वर थबकणार होतं, आणि दोन किलोमीटरचं पाणी उतारावरून परत येणार होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त ऑनोफ्रेचं तोंड पाहिलं. त्याने जमिनीवरचा मोठा पाना उचलला, उठला आणि भावाच्या जबड्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. ब्लाय बाजूला कोसळला आणि त्याच क्षणी झाकण उडालं. समोरच्या भिंतीची वीट फोडून ते पलीकडे द्राक्षांत गेलं. पाण्याने आम्हा तिघांना दारातून बाहेर फेकलं.

ब्लायला झाकण दिसलंच नव्हतं. त्याला पाना दिसला होता.

कोर्टात न्यायाधीशबाई म्हणाल्या, "मारलं कशाला? बाजूला हो म्हणून ओरडायचं."

"आमच्या घरात ओरडल्यावर कुणी हलत नाही, बाई," ऑनोफ्रे म्हणाला.

मी साक्ष दिली, मिरेइयाने परत येणाऱ्या पाण्याचं गणित मांडलं. शिक्षा कमी झाली, पण झाली. तुरुंग टळला, पंपाची किल्ली गेली. ब्लायने तक्रार मागे घेतली नाही. त्याचा जबडा सहा आठवडे तारेने बांधलेला होता आणि वर वेली सुकत होत्या.

पोलिसांनी दोघांनाही धरलं होतं; जामीन मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशीच, खटल्याच्या कितीतरी आधी, ऑनोफ्रे माझ्याकडे आला होता. "सेंतो, तो पंप अजून तुझ्या बांधावर आहे का?"

आम्ही तो खेचरावरून वर नेला. चेपलेला होता, पण आतलं चाक फिरत होतं. ब्लाय झाडाखाली होता, मांडीवर बंदूक. तोंड बांधलेलं, त्यामुळे नको म्हणताही येत नव्हतं. ऑनोफ्रे नळ जोडत असताना त्याने पहिला बार काढला. नळाला भोक पडलं. ऑनोफ्रेने अंगठा लावला आणि मला म्हणाला, "पट्टी दे." दुसरा बार त्याच्या पायाजवळच्या मातीत गेला. दोन छर्रे पोटरीत घुसले. त्याने बोल्ट आवळून संपवले, मग बटण दाबलं. पहिल्या ओळीखालची माती काळी होत गेली. ब्लायने बंदूक पुन्हा भरली आणि तशीच मांडीवर ठेवली.

त्याला आता सहा वर्षं होतील. खाली नळ फुटत नाहीत. ब्लाय त्या पंपाला हात लावत नाही. एकदा ऑनोफ्रे तापाने चार दिवस पडला, तर वरच्या दोन ओळी गेल्या, पण ब्लाय बटणापर्यंत आला नाही. म्हणून ऑनोफ्रे रोज सकाळी चढतो, लंगडत. ब्लायने मोकळा सोडलेला कुत्रा त्याच्या अंगावर जातो. हाताला गुंडाळलेलं पोतं तो त्याच्या तोंडात देतो आणि दुसऱ्या हाताने बटण दाबतो.

मी एकदा त्याच्याबरोबर वर चढलो तेव्हा म्हटलं, "मरू दे ना त्याच्या वेली."

"खाली जा, सेंतो," तो म्हणाला. "कुत्रा तुला ओळखत नाही."