पदराआडचे ओठ

"सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी. म्हणजे रात्री तिच्याजवळ नर्स नाही," आमच्या ट्यूटरबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "तुम्ही सोडलं की पुढे ती आणि तिचं नशीब."

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी धुळ्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. गावोगावच्या शिबिरांत बायकांची कुटुंब नियोजनाची ऑपरेशनं दुर्बिणीनं व्हायची आणि त्याच दिवशी त्यांना घरी पाठवायचं असे. कुणाला पाठवायचं नाही, हे ओळखायला ट्यूटरबाई शिकवायच्या. वर्गात त्या स्वतःच तोंडावर पदर ओढून बसायच्या, आमच्यातल्या एकीला सासरा करायच्या आणि पदराआडून म्हणायच्या, "मी बरी शे." आम्ही हसत हसत "सोडा" म्हणायचो.

"मेली," पदर काढून त्या सांगायच्या. "जीपमध्येच मेली. पोटात आतल्या आत रक्त गेलं तर बाहेर थेंब दिसत नाही. ओठ दिसतात. बघितलेत का?"

मला त्यांचा भारी राग यायचा. सासऱ्यासमोर सुनेचा पदर उचलायचा? वर्गात बसून सांगायला यांचं काय जातंय?

सोनगीरकडच्या एका शिबिरात ती वेळ माझ्यावरच आली. डॉक्टर आणि ट्यूटरबाई आत पुढच्या ऑपरेशनच्या तयारीत होते, बाहेरच्या खोलीत मी एकटी. गावाकडे निघालेली जीप हॉर्नवर हॉर्न देत होती. एक तरुण बाई छातीपर्यंत पदर ओढून भिंतीला टेकली होती. दारात तिचा सासरा उभा होता.

"सोडा ना बाई," तो म्हणाला. "जीप निंघी राह्यनी."

"बरं वाटतंय ना?" मी तिला विचारलं आणि जीभ चावली. वर्गात हाच प्रश्न बाद होता.

"मी बरी शे," पदराआडून आलं. घरी तिचं तान्हं होतं, ती दुसरं काय सांगणार?

मी मनगट धरलं. गार, घामेजलेलं. नाडी धावत होती.

"आबा, जरा बाहेर थांबा."

"का? मी काय करी राह्यनू?" म्हातारा दुखावला, जागचा हलला नाही. पुन्हा हॉर्न वाजला. माझं डोकंच फिरलं. मी त्याच्यादेखत तिचा पदर वर केला.

ओठ पांढरेफटक होते. तिनं लाजेनं भिंतीकडे तोंड फिरवलं, पण पदर ओढून घ्यायचं बळ हातात नव्हतं. मी हाक मारली तशी आतून दोघंही धावत आले.

डॉक्टरांनी सलाईन लावलं. पोट उघडावं लागणार होतं, म्हणून ताबडतोब धुळ्याला न्यायला सांगितलं. घरी नेणारी तीच जीप धुळ्याकडे वळली. बाटली वरच्या दांडीला बांधलेली, मी तिच्या उशाशी, समोर सासरा. तिचा हात सारखा पदर चाचपत होता आणि मी तो सारखा खाली करत होते. मला तिचे ओठ दिसायला हवे होते.

म्हाताऱ्यानं ते पाहिलं. गळ्यातला रुमाल काढला आणि स्वतःच्याच तोंडावर हनुवटीपर्यंत ओढून घेतला. तिचा हात थांबला.

ती वाचली. पण मला अजून आठवतो तो खड्ड्यांचा रस्ता, आणि रुमालाआडून पुन्हा पुन्हा येणारा त्याचा प्रश्न, "बाई, तिना रंग कसा शे?"