मुद्देमाल : एक वड

ती घटना आठवली की आजही मी स्वतःलाच हसतो. बाकीच्या केसेस मी घरात फुगवून सांगतो. ही सांगायला लागलो की बायको मध्येच घेते आणि पुढचं तीच सांगते, कारण ती उलगडली तिने. आज ती बहिणीकडे गिरगावात गेली आहे, तेवढ्यात लिहून काढतो.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. लालबाग-परळच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात मी निरीक्षक होतो. जुलैतली सकाळ. हजेरी संपली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर सत्तरीच्या एक काकी उभ्या होत्या, हातात मोठी नळकांडी. आत गुंडाळलेला नकाशा.

"काय चोरीला गेलं, काकी?" हवालदाराने विचारलं.

"आमची बाग."

त्याने पेन खाली ठेवलं. "बाग म्हणजे?"

"बाग म्हणजे बाग. झाडं, बाकडी, हिरवळ. गेल्या महिन्यात होती, आता नाय. लिहून घ्या."

"वर्णन काय लिहू? रंग हिरवा?"

तो हसला. मीही हसलो. हे लिहिताना आज बरं वाटत नाही.

"हसतास कित्याक?" काकींचा आवाज चढला नाही, पण मालवणी आली, म्हणजे प्रकरण वर गेलं हे आम्हाला कळलं. "चेन गेली असती तर हसले असतात? चेन माझी एकटीची. बाग सगळ्यांची."

मी त्यांना आत बसवलं. त्यांची जुनी चाळ पाडून त्याच जागेवर दोन इमारती झाल्या होत्या. एक चाळीतल्या माणसांची, बावीस मजली, अंधाऱ्या पॅसेजची. दुसरी विक्रीची, त्याच्या दुप्पट उंच. दोन्हींच्या मध्ये एक मोकळी जागा, दोन्हीकडच्या रहिवाशांनी मिळून वापरायची. मंजूर नकाशात ती हिरव्या रंगाने दाखवलेली. काकींचे यजमान चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी. हाच नकाशा घेऊन ते खोली-खोली फिरले होते. सही करायला कोणी कां-कूं केलं की हिरव्या तुकड्यावर बोट ठेवायचे, "गॅलरी जाईल, पण अंगण मिळेल." लोकांनी बिल्डरवर नाही, काकांवर विश्वास ठेवून सह्या केल्या.

मधल्या काळात, भाड्याच्या खोलीत असताना, काकांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. बाग होती तोवर ते काठी घेऊन खाली फेऱ्या मारत होते.

"आता खाली उतरत नाहीत," काकी म्हणाल्या. "लिफ्टमधी लोक विचारतात, काय सेक्रेटरी, अंगण कुठंय? डॉक्टर म्हणतो असेच बसले तर पाय कायमचा जाईल. मी त्यांना काय सांगू?"

मी त्यांना काय सांगितलं ते ऐका. मी म्हणालो, ही महापालिकेची बाब आहे, वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या. अदखलपात्र नोंद करून प्रत हातात ठेवली आणि चहा पाजला. आपल्या हद्दीतली अडचण दुसऱ्याच्या हद्दीत ढकलण्यात माझा हात कोणी धरत नसे.

पण एक गोष्ट टोचत राहिली. ती बाग मी पाहिली होती. मे महिन्यात चाव्यांच्या वाटपाचा कार्यक्रम त्याच बागेत झाला, आणि बंदोबस्ताला मी होतो. छान वड होता, दोन पुरुष उंच. उन्हातून येऊन मी त्याला टेकलो, तर झाड किंचित हललं. मला वाटलं, आपलं वजन वाढलंय. त्या दिवसापासून मी आठवडाभर रात्रीचा भात सोडला होता.

दुपारी जागेवर गेलो आणि फाटकातच उभा राहिलो. पायाखाली डांबर. त्यावर पांढऱ्या रेषा, रेषांमध्ये नंबर. हिरवळ नाही, बाकडं नाही, एवढ्या मोठ्या वडाचा खड्डासुद्धा नाही. तपासात मी बरंच पाहिलं, पण झाड उपटल्यावर खड्डाही राहत नाही हे पहिल्यांदा पाहत होतो.

"गार्डन होतं ना इथे?" मी साइटच्या मॅनेजरला विचारलं.

"सर, इथे पार्किंगच आहे."

"मी स्वतः इथे उभा होतो."

"मग सर, लँडस्केप चेंज झाला असेल," असं म्हणून त्याने फोन कानाला लावला, जो वाजलाच नव्हता.

रहिवाशांनी सांगितलं की जूनच्या अखेरीस झाडांना औषध मारायचंय म्हणून चारी बाजूंनी पत्रे लागले. आठ दिवसांनी पत्रे निघाले तेव्हा हे होतं. पत्रे लागण्याच्या दोनच दिवस आधी महापालिकेची अखेरची तपासणी होऊन गेली होती.

आता मी नियम समजून घ्यायला बसलो. एका ओळखीच्या इंजिनिअरने सांगितलं, "साहेब, ही जागा बिल्डरची राहत नाही. मोठ्या जागेवर बांधायचं तर मोकळं मैदान सोडावंच लागतं, त्यात झाडं जमिनीत लावावी लागतात, आणि तिथे गाड्या लावता येत नाहीत. विक्रीवाल्यांचा जेवढा हक्क तेवढाच चाळवाल्यांचा."

"मग तपासणीत पास कशी झाली?"

"त्या दिवशी बाग होती ना," तो शांतपणे म्हणाला.

पुढे दोन आठवडे काही हाती लागलं नाही. काकी दर सोमवारी येत, बाकावर बसत आणि जाताना एवढंच विचारत, "काही कळलं?" यजमान कसे आहेत हे विचारायचं मी बंद केलं होतं.

अशात एका रविवारी मेहुण्याला वरळीत फ्लॅट बघायचा होता. नवी इमारत, अजून कोणी राहायला आलेलं नव्हतं. मेहुण्याने भाव विचारले, मी लिफ्ट किती वेगात जाते ते पाहिलं आणि व्यायामशाळेतल्या पट्ट्यावर दोन मिनिटं चाललो. घरी येऊन चहा घेताना बायको म्हणाली,

"तिथे अजून कोणी राहत नाही ना?"

"ताबा दिवाळीत आहे."

"मग खालच्या वडाला दोरा कोणी गुंडाळला?"

मी कप खाली ठेवला.

"वटपौर्णिमेचा दोरा होता," ती म्हणाली. "चांगले सात-आठ जणींचे फेरे असतील. रिकाम्या बिल्डिंगमधला वड कोणाच्या बायका पुजून गेल्या? तुम्ही पोलीस, तुम्हाला दिसलं असेल म्हणून मी तिथे बोलले नाही."

दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन तिथे गेलो. वड उभा होता, शेजारी तीच बाकडी. मी पुढे झालो आणि मे महिन्यासारखाच टेकलो. झाड हललं. माती बाजूला केली, तर वीतभर खाली पत्र्याचा ड्रम.

तपासाला आता दिशा होती. झाडं, ड्रम आणि हिरवळीच्या वळकट्या पुरवणारा माणूस लालबागचाच निघाला. मंडप आणि गणपतीचे देखावे करणारा, शांतता कमिटीच्या बैठकीत माझ्या शेजारी बसणारा. चौकशीला बोलावलं तर तो घाबरला नाही, उलट बुचकळ्यात पडला.

"साहेब, यात गुन्हा काय? लग्नाला मी खुर्च्या देतो, मंडळाला महाल देतो, बिल्डरला बाग देतो. काम झालं की माल परत."

"आत्तापर्यंत किती ठिकाणी दिलीस?"

त्याने बोटं मोजली. एक हात संपला, दुसरा सुरू झाला. लेखनिक हवालदाराचा हात थांबला.

"तिथे माणसं राहायला येतात, माहीत आहे ना तुला?"

"माझं काम तपासणीपर्यंत, साहेब. विसर्जनानंतर महाल कोणी मागतं का?"

"बरं. मग दोरा का नाही काढलास? तो काढला असतास तर आज इथे नसतास."

आता त्याने मान खाली घातली. "पोरांना सांगितलं, कोणी हात लावेना. मग मी स्वतः कात्री घेऊन गेलो. पण साहेब, माझी बायकोपण बांधते ना माझ्यासाठी. दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याचा दोरा मी कसा कापू? वर गोणपाट गुंडाळलं. तर वरळीच्या सेल्स ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, झाड नॅचरल दिसत नाही, काढा."

डझनावारी कुटुंबांचं अंगण उचलून नेताना या माणसाला काही वाटलं नव्हतं. दोऱ्यापाशी मात्र तो अडला. माणूस कुठे अडेल हे तीस वर्षांत मला कधी आधी ओळखता आलं नाही.

त्याहून मोठा धक्का कागदांत होता. महापालिकेकडून दोन्ही जागांच्या फायली मागवल्या. दोन्हींत बागेचे फोटो, त्यात एकच वड, तीच बाकडी. लालबागच्या फायलीतला शेवटचा फोटो पाहून मात्र मी दार लावून घेतलं. वडाला टेकून, हातात बटाटेवड्याची बशी घेऊन, गणवेशातला एक पोलीस अधिकारी उभा होता. खाली टंकलेलं, 'उद्यान वापरात असल्याबाबत.' तो अधिकारी मी होतो.

ज्या बाईला मी वॉर्ड ऑफिसचा रस्ता दाखवला, तिच्या विरुद्धचा पुरावा मीच होतो. वरिष्ठांना जाऊन सांगितलं. तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला आणि मी साक्षीदार झालो. माझा जबाब माझ्याच हवालदाराने घेतला. "झाड हललं तेव्हा आपणास काय वाटले?" असं त्याने अगदी गंभीरपणे विचारलं आणि मी वजनाचं सांगितलं. ते तसंच लिहिलं आहे.

राहिली ओळख. वड तोच, हे सिद्ध करायचं होतं. काकी म्हणाल्या, "माझा दोरा मी ओळखीन, पण तुम्हाला पटवून देतील ते हेच." काका गिरणीत वाइंडिंग खात्यातले, सूत कोनांवर गुंडाळायच्या कामातले. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी डब्याच्या पिशवीतून सुताचा एक कोन घरी आणला होता. काकी दर वटपौर्णिमेला त्यातलंच सूत वापरायच्या.

"तोपण चोरीचाच म्हणायचा," काकी हळूच म्हणाल्या. "ते लिहू नका." ते लिहिलं नाही.

काका जवळजवळ दीड महिन्याने प्रथमच खाली उतरले. वरळीला गाडीतून त्यांना मी आणि हवालदाराने धरून उतरवलं. ते वडापाशी गेले, काठी काकींकडे दिली आणि उजव्या हाताची बोटं दोऱ्यावरून फिरवत राहिले. एका जागी थांबले.

"ही बघा. जुनं सूत तुटत होतं म्हणून मी जोडून दिलं. ही आमच्या खात्यातली गाठ." तांदळाच्या कणीएवढी गाठ. "बाजारच्या रिळाला अशी नसते. बिल्डरला सांगा, मारून दाखव."

पंचांनी वाकून पाहिली. पंचनाम्यात गाठ आली. फसवणुकीचा गुन्हा उभा राहिला तो त्या गाठीवर. खटला अजून चालू आहे, त्याबद्दल मी लिहिणार नाही. महापालिकेने नोटीस काढून डांबर उखडायला लावलं, एवढं सांगता येतं.

जप्त केलेल्या वडाचं करायचं काय, हा प्रश्न होता. मुद्देमाल खोलीत तो मावेना. शेवटी कोर्टाच्या परवानगीने काकांना सुपुर्दनाम्यावर दिला, आहे त्या स्थितीत जपायचा आणि बोलावल्यावर हजर करायचा या अटीवर. रहिवाशांनी तो डांबर काढलेल्या मातीत, ड्रमसकट उभा केला.

या केसने काय शिकवलं असं कोणी विचारलं तर मी आव आणत नाही. नियम कागदावर पाळलेला दिसला की आम्ही सरकारी माणसं समाधानाने निघतो. कागद, फोटो, शिक्का, सगळं तपासतो. मी तर त्या झाडाला पाठ लावून उभा होतो, त्याने हलून सांगितलंही, तरी मी ते स्वतःवर घेतलं. बायको म्हणते, एवढा एकच दोष तुम्ही स्वतःहून कबूल केलात, तोही चुकीचा.

निवृत्तीनंतर वर्षाने मी त्या बाजूला गेलो होतो. काका वडाभोवती फेऱ्या मारत होते, पाय थोडा ओढत, पण काठी बाकड्यावर ठेवून. एक पोरगा सायकलवरून ओरडला, "सेक्रेटरी, साइड," आणि त्यांनी त्याला शिवी हासडली.

ड्रमचा पत्रा खालून फाटला होता. बोटाएवढी मुळं बाहेर पडून मातीत शिरली होती.

"काका, मुद्देमाल आहे त्या स्थितीत ठेवायचा होता."

"मी काय केलं? तो आपणहून उतरला खाली." मग म्हणाले, "कोर्टाने बोलावलं तर, साहेब?"

"तर कोर्टाला इथे यावं लागेल," मी म्हणालो.

आणि ते पुढच्या फेरीला वळल्यावर, कोणी बघत नाही असं पाहून, मी वडाला टेकलो. सगळं वजन टाकून टेकलो. झाड हललं नाही.