तिवरबेटाची शिळी वर्तमानपत्रे

आधीच सांगतो — भूत, देवचार, अंगात येणे, यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. भगतांविरुद्ध मी तीन पत्रके छापली आहेत. त्यांतल्या एकापायी ठाण्याच्या बाजारात माझ्या पाठीवर शेणाचा गोळाही बसला. तो मारणारे गृहस्थ हे मासिक घेतात असे ऐकतो. त्यांनी आज पोटभर हसून घ्यावे, कारण मी जे लिहितो आहे ते माझ्याच विरुद्ध जाणारे आहे. पण दुसऱ्याने लपवले तर आपण बोंब मारायची आणि आपल्यावर आले की गप्प बसायचे — हे मला जमत नाही.

ठाण्याच्या बंदरावरून भरतीबरोबर कल्याणकडे मचवे जातात. मुंब्र्याचा डोंगर उजव्या हाताला मागे पडला, की डोंबिवलीच्या अलीकडे खाडीच्या मध्ये एक बेट लागते. त्याला तिवरबेट म्हणतात. कडेने तिवरांची दाट झाडी, मध्ये भाताची खाचरे आणि खाचरांभोवती मातीचा बांध. घरे मोजकीच — बरीचशी आगऱ्यांची, थोडी किरिस्तावांची. बांधाच्या आत भात, बांधाबाहेर खारे पाणी. ते पाणी एकदा आत शिरले की त्या वर्षीचे भात तर जातेच, पण पुढची दोन-तीन वर्षे जमीनही काही देत नाही. माणसांनी मग बेट सोडून कुठेतरी मजुरीला जायचे.

मी गेलो तो या बांधासाठीच. एका सरकारी ओव्हरसियरने बांध पाहून रिपोर्ट केला होता, की पश्चिमेची बाजू खचली आहे आणि श्रावणी अमावास्येच्या उधाणाला ती टिकणार नाही. रिपोर्ट कचेरीत धूळ खात पडला होता! गावकऱ्यांना कळवण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. खेटे घालून मी नक्कल मिळवली, 'तिवरबेटकरांनो, जागे व्हा' असे पत्रक रातोरात छापून घेतले आणि गठ्ठा बगलेत मारून मचव्यात बसलो. बेटावर वाचता येणारा एकही माणूस नाही, हे मला तिथे उतरल्यावर कळले. शाळामास्तर होते, ते पावसाच्या आधीच वसईकडे आपल्या गावी परतले होते.

चतुर्दशीची दुपार होती. धक्क्याजवळच्या अंगणात एक म्हातारी सुकटीची टोपली निवडत बसली होती. ही पास्कूबाई. दर आठवड्याला ठाण्याला सुकट विकायला जाणारी. बेटाचे सगळे दळणवळण जवळजवळ तिच्याच डोक्यावरून चाले. माझा गठ्ठा पाहून ती म्हणाली, "छापवाला का रं तू?"

"हो. पत्रके काढतो मी."

"मंग वाचता बी येत असल."

"लिहिता येते म्हटल्यावर वाचता येणारच ना, बाई!"

"तसं काय नाय. आमचे ठान्याचे पाद्रीबाबाला गाता येतं, पन ऐकवत नाय." आणि मोठ्याने हसून तिने मला आत बोलावले. पेज दिली, वर तळलेली सुकट दिली. मी ब्राह्मणाचा मुलगा आहे हे तिने बोलण्यावरून ओळखले होते आणि मी ती खाल्ली हे तिने रात्रीपर्यंत सगळ्या गावाला सांगितले.

तिच्या घरात एक मोठा पेटारा होता. त्यात वर्तमानपत्रांची गाठोडी, काथ्याने बांधलेली, आणि प्रत्येक काथ्याला गाठी मारलेल्या. ठाण्यात एका वकिलांच्या घरी ती सुकट देई आणि तिथून रद्दी आणी. वकिलीणबाई प्रत्येक अंकावरची तिथी वाचून सांगत, तितक्या गाठी ही मारायची. तिथी विचारायची, साल मात्र कधी विचारायची नाही. तीनचार वर्षांपूर्वीचा अंक असो की दहा — श्रावणी अवसेचे सगळे एका गाठोड्यात. आणि ते गाठोडे सोडायचे कधी? श्रावणी अवसेला. त्याआधी नाही, नंतर नाही. मास्तर वाचायचे आणि सारे बेट आजची बातमी म्हणून ऐकायचे!

माझे डोके फिरले. मी पिशवीतून परवाचाच अंक काढून तिच्यापुढे धरला. "बाई, बातम्या ऐकायच्या तर या ऐका."

तिने तो नाकाशी नेला. "वल्ला हाय अजून. ठेव तिकडं. त्याची तिथ येल तवा काडू."

"तोवर वर्ष जाईल!"

"जाऊ दे की. नवा तांदूळ खाल्लास का कवा? पोट धरून बसशील."

बातमी म्हणजे तांदूळ नव्हे, हे मी तिला अर्धा तास समजावले. तेवढ्यात बांधाचे काम पाहणारे धर्मा पाटील आले — उंच, वाळलेले, फार न बोलणारे गृहस्थ. मी त्यांच्याकडे तक्रार केली. मागे एका चैत्रात कल्याणला दवाखाना उघडल्याची बातमी ऐकून बेटाने हार देऊन दोन माणसे पाठवली होती, हे मला मचव्यातच कळले होते. दवाखान्याच्या भिंतींना तोवर दुसऱ्यांदा चुना लागला होता.

"हो, गेलेलो आमी," पाटील म्हणाले. "डाक्टरानं हार घातला गल्यान. खुश झाला."

"पण पाटील, साल नको का बघायला?"

"पान्याला साल कुटं ठाव हाय? त्याला तिथ ठाव. आमचं समदं पान्यावर."

माझा रिपोर्ट मात्र त्यांनी नीट ऐकून घेतला. सकाळच्या ओहोटीला सगळी माणसे पश्चिमेच्या बांधावर न्यायची असे ठरले. फक्त एक अट. "आधी अवशेचे पेपर वाचून दाव. मास्तर नाय, मंग तूच."

अमावास्येच्या सकाळी पास्कूबाईच्या अंगणात सगळे बेट जमले. फावडी, टोपल्या जवळ ठेवून बायामाणसे उकिडवी बसली. गाठोड्यात तीन अंक निघाले. पहिले दोन मी भराभर वाचले — ओहोटी पुढे चालली होती आणि मला बांधावर जायची घाई. तिसरा अंक ठाण्याच्याच एका साप्ताहिकाचा. वर तिथी छापलेली, सालही छापलेले : बरोबर आठ वर्षांपूर्वीचे. तिसऱ्या पानावर, उजव्या स्तंभात, खालून दुसरी बातमी. मी वाचू लागलो —

"तिवरबेट. येथील बांध श्रावणी अमावास्येच्या उधाणास उत्तरेच्या उघाडीजवळ, जोड तिवरांच्या मुळाशी, दुपारी फुटला. खेकड्यांनी तो आतून पोखरला होता. गावकरी मंडळी पश्चिमेकडील कामात गुंतली असल्याने कोणाचे लक्ष गेले नाही. सर्व भात बुडाले."

मी थांबलो. उघाडी म्हणजे पावसाचे पाणी बाहेर सोडण्याचे बांधातले दार. ते उत्तरेला आहे, हेही मला तोवर ठाऊक नव्हते.

"जोड तिवर," पास्कूबाई हळूच म्हणाली. "आमचे खालचे खाचराचे म्होरं."

पाटील उठले. त्यांच्यामागे सगळेच उठले आणि फावडी घेऊन उत्तरेकडे चालू लागले.

मी आडवा आलो. "अहो, थांबा! हा अंक आठ वर्षांपूर्वीचा आहे! जे झाले ते झाले!"

"कवा झालं?" पाटील म्हणाले. "माज्या बापाच्या येळेपासून उत्तरेचा बांध फुटला नाय."

"मग बातमी खोटी आहे!"

"खोटी कशी? अजून व्हायची हाय."

माझा संताप काय वर्णावा! ओव्हरसियरचा सही-शिक्क्याचा रिपोर्ट एकीकडे, रद्दीचा कागद दुसरीकडे, आणि ही माणसे रद्दीमागे चालली. मी ओरडलो, की भात बुडाले तर पाप तुमच्या डोक्यावर. आणि एकटाच फावडे घेऊन पश्चिमेच्या बांधावर गेलो. दहा-बारा टोपल्या माती टाकली असेल... हाताला फोड आले. मग पास्कूबाई खाचरांमधून चालत आली आणि लांबूनच ओरडली, "ये रं छापवाल्या! एकल्यानं बांध बांदतोस व्हय? बघ तरी येऊन!"

गेलो. जोड तिवरांच्या मुळाशी बांध वरून अगदी धडधाकट दिसत होता, वर हिरवे गवत. पाटलांनी पहार उभी धरली आणि नुसता हाताचा भार दिला. पहार मुठीपर्यंत आत गेली. खालून माती ढासळली, आणि आतल्या पोकळीतून खेकडे बाहेर पडू लागले — एक नाही, दोन नाही, डोक्यावर फणा काढल्यासारख्या नांग्या वर करून, एकामागून एक. एक माणूस उकिडवा बसला तर मावेल एवढी ती पोकळी होती.

कोणी माझ्याकडे "बघ, सांगितले नव्हते?" अशा नजरेने पाहिले नाही. वेळच नव्हता. चिखलाचे गोळे हातोहात येऊ लागले. मीही रांगेत उभा राहिलो. पेंढा, तिवराच्या फांद्या, पुन्हा चिखल, वरून पायाने तुडवणे. पाटील पोकळीत उतरून आतून माती दाबत होते. भरती सुरू झाली तरी ते वर येईनात, तेव्हा पास्कूबाईने त्यांच्या सात पिढ्या उद्धारून त्यांना वर काढले.

दुपारी उधाण चढले. तसे पाणी मी कधी पाहिले नव्हते — लाट नाही, आवाज नाही, खाडी नुसती फुगत होती. बांधाच्या एका अंगाला पाणी छातीएवढे, दुसऱ्या अंगाला खाली पोटरीत आलेले, कणसावर येऊ घातलेले भात. नव्या मातीतून एक बारीक धार आत झिरपू लागली. पाटलांनी तिच्यावर टाच दाबली आणि तसेच उभे राहिले. त्यांच्या शेजारी मी. कितीतरी वेळ मी तिथे चिखल थापत राहिलो. मग पास्कूबाई म्हणाली, "उतरलं." मला काहीच कळत नव्हते, पण तिवराच्या खोडावर बोटभर ओली रेघ दिसू लागली होती. पाणी परत चालले होते.

पश्चिमेचा बांध? तो भिजला, पण राहिला. त्याला काही होणार नव्हतेच.

संध्याकाळी मी तो अंक मागून घेतला. तिसरे पान, उजवा स्तंभ, खालून दुसरा मजकूर... ठाण्यातल्या रस्त्यांवरचे कंदील वेळेवर लागत नाहीत, असे एका वाचकाचे पत्र. मी पाने उलटीसुलटी केली. बाकीचे दोन अंक पाहिले. तिवरबेट हा शब्दच कुठे नव्हता.

"पास्कूबाई, मी सकाळी काय वाचले?"

"बांधाचं वाचलंस."

"इथे नाही ते."

"वाचून झालं नव्हं? मंग आता कशाला लागतंय?" आणि ती माझ्यासाठी भात वाढायला गेली.

ठाण्याला आल्यावर मी त्या साप्ताहिकाच्या ऑफिसात जाऊन आठ वर्षांपूर्वीची फाइल काढायला लावली. तिथेही कंदीलच. एडिटरसाहेब म्हणाले, चिंतेमुळे तुम्हाला भास झाला असेल. असेल. पण माझी सगळी चिंता पश्चिमेची होती! माझा रिपोर्ट, माझे पत्रक पश्चिमेचे. मला खोटे पाडणारी बातमी मी आपल्याच मनातून कशाला काढू? आणि खेकडे? तो उत्तरेचा बांध मी त्याआधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. शिवाय भास मला झाला म्हणावे, तर साऱ्या अंगणाने तो ऐकला कसा?

मी दुरुस्तीचे पत्रक काढले आहे : 'पश्चिमेच्या बांधाविषयी मी छापले ते चूक होते.' इतकेच त्यात छापले. बाकीचे छापायला तेव्हा धीर झाला नाही, तो आज करतो आहे. मी आयुष्यभर लोकांकडे पुरावा मागत आलो. माझ्याकडे एकही नाही. त्या वर्षीचे भात मात्र आले. त्यातली एक पायली पास्कूबाईने ठाण्यापर्यंत डोक्यावरून आणून माझ्या आईच्या हातात दिली. "तुजा लेक भांडकुदळ हाय," म्हणाली, "पन वाचतो ब्येस." आईने ते तांदूळ रांधले, आम्ही जेवलो. मी सकाळी त्या अंगणात काय वाचले, हे मला त्या ताटावरही कळले नव्हते आणि आजही कळलेले नाही.